बांबूचा रथ ते फायबरचे तोरण

आपल्या विहाराच्या दारात उभे असलेले सांचीचे तोरण परिसरातील लहानथोर सर्वांनी पाहिलेले आहे. लग्नातले फोटो त्याच्यापुढे निघतात, मुले खांबामागे लपाछपी खेळतात, वर्षावासात आयाबाया त्याच्या सावलीत चपला काढून आत जातात. परंतु हे तोरण कशाचे आहे, ते कोणी केले, असे विचारले तर आजच्या पिढीला सांगता येत नाही. कोणी म्हणतो दगडाचे, कोणी म्हणतो सिमेंटचे. बोटाने टिचकी मारून पाहा. ढब् असा पोकळ आवाज येतो. ते फायबरचे आहे, म्हणजे काचेच्या धाग्यांचे आणि रेझिनचे. आणि ते कुठल्या कारखान्यात नव्हे, तर इथल्याच एका घराच्या पत्र्याच्या पडवीत १९९६ साली तयार झाले.

त्या वेळी आम्ही तरुण होतो. काम चालू असताना एका वडीलधाऱ्या उपासकांनी आम्हांला हटकले होते. "आमच्या बापजाद्यांनी जलमभर दगड फोडले, अन् तुम्ही पोरं प्लास्टिकची सांची उभी करता व्हय?" तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. मान खाली घालून आम्ही पॉलिश पेपर घासत राहिलो. नंतरच्या वर्षांत वाचन केले, लेणी पाहिली, सांचीला जाऊन आलो, आणि उत्तर हळूहळू सापडत गेले. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दगडातही लाकडाची नक्कल

प्रथम आपल्या जवळच्या लेण्यांकडे पाहू. लोणावळ्याजवळची भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तेथील चैत्यगृहात गेल्यावर एक गोष्ट चटकन लक्षात येते. खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडाच्या डोंगरात खांब कलता ठेवण्याचे काही कारण नाही, कारण छत मुळी डोंगरच आहे, ते पडणार कुठे? पण त्याआधीची चैत्यगृहे लाकडाची असत. छताचा भार बाहेर ढकलू नये म्हणून लाकडी खांब आत कलते रोवावे लागत. कारागिरांनी दगडात काम करताना तोच कल जसाच्या तसा ठेवला. गवाक्ष, कमानी, कठडे, सारे काही लाकडी इमारतीवरून घेतलेले.

कार्ले लेण्यात तर छताच्या दगडाला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपासून टिकून आहेत. त्यांचा छताला आधार नाही. लोकांच्या डोळ्यांना जे चैत्यगृह ओळखीचे होते ते तसेच दिसावे, एवढ्यासाठी त्या आहेत. तिथल्या एका शिलालेखात दाराचा दर्शनी भाग करणाऱ्याचे नाव आहे. तो धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा. आणि तो कोण, तर वढकी, म्हणजे सुतार! दगडाचे दार सुताराने केले आणि आपले नाव लिहून ठेवले.

सांचीचे तोरणही असेच. दोन उभे खांब, त्यांवर तीन आडव्या तुळया, ही रचना लाकडी वेशीची आहे. दगडाला ती सोयीची नाही, तरी तीच केली. दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या राजघराण्याचा माणूस तिथे होता. दुसऱ्या लेखात म्हटले आहे की, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. बोटभर हस्तिदंतावर नक्षी करणारे हात दगडाच्या खांबावर चालले, म्हणून तर तिथली पाने, हत्ती, माणसांची गर्दी इतकी नाजूक उतरली आहे.

तेव्हा लाकडाची वस्तू दगडात करणे आणि दगडाची वस्तू फायबरमध्ये करणे, यांत मोठा फरक तो कोणता? बौद्ध कारागिराने साहित्याचा सोवळेपणा कधी पाळलेला नाही. जे हाताशी आहे, जे परवडते, जे लोकांपर्यंत पोचते, ते त्याने घेतले.

पाटलिपुत्राची मिरवणूक

आपण १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला चित्ररथ काढतो. बांबू बांधायचे, वरून कापड ताणायचे, रंग द्यायचा, आत मूर्ती ठेवायची. पुष्कळांना वाटते की ही अलीकडची टूम आहे. तसे नाही.

चिनी भिक्खू फाहियान इसवी सन ३९९ मध्ये मायदेशाहून निघून भारतात आले. पाटलिपुत्र येथे दरवर्षी दुसऱ्या महिन्याच्या अष्टमीला निघणाऱ्या मिरवणुकीचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. चार चाकांचा रथ घेत. त्यावर बांबू बांधून पाच मजली, स्तूपासारख्या आकाराचा सांगाडा उभारत. त्याला पांढरे कापड गुंडाळून वर रंगीत चित्रे काढत. चार बाजूंना चार देवळ्या, प्रत्येकीत बसलेले बुद्ध आणि शेजारी उभे बोधिसत्त्व. असे सुमारे वीस रथ असत, आणि एकाची सजावट दुसऱ्यासारखी नसे! रात्रभर दिवे जळत, गाणे-वाजवणे चाले. त्याच ठिकाणी फाहियान हेही सांगतात की, शहरातील सधन गृहस्थांनी दवाखाने काढले होते आणि गोरगरीब, अपंग, अनाथ यांना तिथे अन्न आणि औषध फुकट मिळे. रथ आणि दवाखाना हे दोन्ही एकाच गावचे. आपल्या मंडळांनी हे विशेष ध्यानात ठेवावे असे आहे.

मुद्दा असा की, सोळाशे वर्षांपूर्वीही स्तूपाची हलकी प्रतिकृती करून ती लोकांमधून फिरवली जात होती. जो विहारापर्यंत पोचू शकत नव्हता, त्याच्या दारापर्यंत स्तूप जात होता.

कापड आणि झाडाचा चीक

आता सगळ्यांत नवलाची गोष्ट. फायबरच्या कामात काय करतात? काचेच्या धाग्यांची चादर घेतात, ती चिकट रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थरावर थर चढवतात, सुकले की आतला साचा काढून घेतात. मागे राहते ते पोकळ, पातळ, पण मजबूत कवच. ही पद्धत आपल्याला विसाव्या शतकातली वाटते. काचेचा धागा निराळा ठेवला, तर बाकी सारी पद्धत बौद्ध मूर्तिकारांना बाराशे वर्षांपूर्वी येत होती.

चीन आणि जपानमध्ये एका झाडाचा चीक काढतात. आपल्याकडची लाख ती निराळी, हा चीक झाडातून पाझरतो. तो वाळला की कठीण होतो आणि पाण्याने बिघडत नाही. मूर्तिकार प्रथम मातीची ओबडधोबड मूर्ती करीत. तिच्यावर तागासारखे कापड या चिकात भिजवून एकावर एक चिकटवीत. वाळल्यावर पाठीमागून कापून आतली माती काढून टाकीत, आत लाकडाचा आधार बसवून पुन्हा शिवीत. मग चिकात भुसा वगैरे कालवून तो लगदा वरून लावीत आणि नाक, डोळे, बोटे घडवीत. हा ताजा चीक अंगाला लागला की खाज सुटते, पुरळ उठते. फायबरचे काम केलेल्यांना ही खाज नव्याने सांगायला नको.

जपानमधील नारा शहरात कोफुकु-जी या मठात इसवी सन ७३४ मध्ये घडवलेली तीन तोंडांची, सहा हातांची असुराची मूर्ती आहे. उंची सुमारे पाच फूट आणि वजन पंधरा किलोच्या आसपास! तो मठ पुढे अनेकदा जळाला. लाकडी इमारती राख झाल्या, पण ही मूर्ती वाचली. हलकी असल्यामुळे ती उचलून बाहेर नेता आली, असे मानले जाते. त्याच शहरातील तोशोदाइ-जी मठात भदंत गांजिन यांची अशीच पोकळ मूर्ती आहे. गांजिन मूळचे चीनचे. विनयाचे शिक्षण देण्यासाठी जपानला जाण्याचे त्यांचे पाच प्रयत्न फसले, दृष्टी गेली, तरी सहाव्या खेपेला ७५३ साली ते पोचलेच. ७६३ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच सुमारास शिष्यांनी ही मूर्ती केली. मूळ मूर्ती वर्षातून थोडेच दिवस दर्शनाला खुली असते, म्हणून २०१३ साली त्याच जुन्या पद्धतीने तिची प्रतिकृती तयार करण्यात आली.

वडीलधाऱ्यांना देण्याचे उत्तर आम्हांला इथे सापडले. हलके म्हणजे हलक्या प्रतीचे नव्हे. ज्यांना आगीतून, पुरातून, दंगलीतून आपले श्रद्धास्थान उचलून न्यावे लागते, त्यांना वजन किती आहे हे पाहावेच लागते.

सांचीचा साचा, आणि मग काच

सांचीच्या तोरणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती करण्याचा प्रयत्न इंग्रजांनी केला. १८६९-७० मध्ये हेन्री हार्डी कोल या लष्करी अधिकाऱ्याने पूर्व तोरणाचे साचे काढले. तीस फुटांहून उंच तोरण, त्यावरची खोल नक्षी. कडक साचा अशा नक्षीत अडकून बसतो, म्हणून जिलेटिनचे लवचीक साचे वापरले. त्यांतून प्लास्टर ऑफ पॅरिसचे तोरण लंडनच्या संग्रहालयात उभे राहिले, त्याच्या प्रती युरोपातल्या इतर शहरांत गेल्या. आपले तोरण आपल्या लोकांनी पाहण्याआधी लंडनच्या लोकांनी पाहिले! या गोष्टीचा राग धरावा की कौतुक करावे, आम्हांला आजही ठरवता आलेले नाही.

पण प्लास्टर जड, ठिसूळ, आणि पावसात टिकत नाही. उत्तर मिळाले ते पुढच्या शतकात. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा जोडायचा प्रयत्न करीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि काचेचे बारीक बारीक तंतू उडाले. चुकून झालेली ती गोष्ट तिथल्या लोकांनी वाया जाऊ दिली नाही. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही काचतंतूंचीच कंपनी निघाली. पुढे पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची झाकणे, नंतर होड्या, १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीची सबंध बॉडी. आपल्याकडे पाण्याच्या टाक्या, छताचे पत्रे, बसच्या सीटा असे करत फायबर कामगारवस्तीत आले. ज्या हातांनी कारखान्यात टाक्या केल्या, तेच हात संध्याकाळी वस्तीत मूर्ती आणि देखावे करू लागले.

पडवीतले तोरण

आपल्या तोरणाची गोष्ट अशीच आहे. आमच्यांतले एक जण फायबरच्या कारखान्यात कामाला होते. वस्ती त्यांना मामा म्हणायची. दुसरी पाळी करून रात्री साडेअकराला यायचे, जेवायचे आणि पडवीत हजर. पुस्तकातल्या फोटोवरून आम्ही कागदावर चौकटी आखून मापे काढली आणि निम्म्या उंचीचे, म्हणजे सोळा फुटांचे तोरण करायचे ठरवले. मिरवणुकीत ट्रकवर चढवायचे आणि नंतर विहारापुढे कायमचे उभे करायचे, म्हणून अकरा तुकडे केले.

मूळ नमुना थर्माकोल आणि शाडूचा. त्यावरून पीओपीचे साचे, आत काथ्या घालून. साच्याला आतून वॅक्स चोळायचे, वर जेलकोटचा हात, तो बोटाला चिकटेनासा झाला की मॅट अंथरायची आणि ब्रशने रेझिन पाजायचे. एक किलो मॅटला दोन-अडीच किलो रेझिन. रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, बुडबुडा राहिला की पुढे तिथेच तडा जातो. आधी एक पातळ मॅट, मग दोन जाड. खांबाच्या आत लोखंडी अँगल. मॅट कापायचे काम दुपारी बायकांनी केले. पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घालून बसायच्या, तरी हात लाल व्हायचे. थंड पाण्याने हात धुवा, चोळू नका, असे मामांनी बजावून ठेवले होते.

चुकाही झाल्या. एका साच्यात वॅक्स लावायचा कोपरा राहून गेला. खांबाचा तुकडा साच्याला असा चिकटला की छिन्नीने साचा फोडावा लागला, पंधरा दिवसांचे काम गेले. दुसऱ्यांदा, लवकर सुकावे म्हणून आम्ही बादलीभर रेझिनमध्ये हार्डनर अंदाजाने ओतला. पाच-सात मिनिटांत बादली तापली, धूर निघू लागला. मामांनी ती पायाने अंगणात ढकलली आणि ओरडले, "अहो, हा काय भाजीचा रस्सा हाय का, मनाला येईल तेवढं तिखट टाकायला? शंभराला एक-दोन, बास!" कोबाल्ट आणि हार्डनर तर एकत्र कधीच करायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट मिसळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या पडवीच्या दोन टोकांना ठेवण्याची शिस्त त्यांनी त्या रात्री लावली.

तुकडे निघाल्यावर सांध्यांत लांबी भरायची, घासायचे, पुन्हा लांबी, पुन्हा घासायचे. हे घासण्याचे काम सर्वांत जास्त मामांनी केले. पडवी बंद, कारण शेजारच्या घरात धूळ जाऊ नये. तोंडाला ओला रुमाल, बस्स. ती बारीक धूळ आणि रेझिनचा उग्र वास छातीला किती वाईट, हे आज सर्वांना माहीत आहे. तेव्हाही कुठेतरी लिहिलेले असेलच, पण आमच्या वाचनात नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. मास्क आणता आला असता. चित्ररथाच्या लायटिंगसाठी पैसे जमले, मास्कसाठी जमवावेत हे सुचले नाही.

१४ एप्रिलला तोरण ट्रकवर उभे राहिले. आठ माणसांनी एकेक तुकडा हातोहात वर दिला. ज्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला हटकले होते, ते कोपऱ्यावर थांबून होते. ट्रक जवळ आला तसे त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. बोलले काहीच नाहीत.

मामांना पुढे दमा लागला. त्याचे कारण कारखाना, विडी की आमची पडवी, हे कोणी डॉक्टर सांगू शकला नाही. काही वर्षांपूर्वी ते गेले. अंत्ययात्रा विहारापुढे थांबली, ती त्याच तोरणाखाली.

नाव कुठे आहे?

सांचीच्या दगडांवर शेकडो दानलेख आहेत. भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, विणकर, व्यापारी, घरातल्या बायका आहेत. राजाच्या कारागिराचे नाव आहे आणि साध्या उपासिकेचेही आहे. कार्ल्याच्या दारावर सुतार सामीचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्या तोरणावर मात्र एकही नाव नाही. उद्घाटनाच्या पाटीवर पाहुण्यांची नावे आहेत, करणाऱ्यांची नाहीत. ज्या समाजाची नावे शतकानुशतके कोणी लिहूनच ठेवली नाहीत, त्या समाजानेही आपल्या कारागिराचे नाव लिहू नये, ही चूक आमची आहे आणि ती आम्ही इथे कबूल करतो.

तोरण आता थकले आहे. उन्हाने वरच्या तुळईचा जेलकोट फुटला आहे, एका सिंहाची शेपटी गेली आहे. ते काढून बाजारातले तयार तोरण आणावे अशी एक सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, परंतु आमचे मत वेगळे आहे. फायबरचे हेच तर बरे असते. तडा घासून काढायचा, नवी मॅट लावायची, रेझिन पाजायचे, की जोड मूळ अंगात मिसळून जातो. दुरुस्ती वस्तीतल्या मुलामुलींनीच करावी, म्हणजे हात तयार होतील. मात्र या वेळी काम उघड्या मैदानात, चांगले मास्क, चष्मे आणि हातमोजे घेऊन करावे. त्याचा खर्च रंगाच्या आधी धरावा.

आणि दुरुस्ती झाल्यावर डाव्या खांबाच्या पायाशी एक साधी पाटी बसवावी, अशी विहार समितीला आमची विनंती आहे. तिच्यावर ज्यांनी साचे ओतले, मॅट कापली, पॉलिश पेपर घासला, रात्री चहा करून दिला, त्या सर्वांची नावे असावीत. पहिले नाव मामांचे. ज्यांच्या घरातील कोणी या कामात होते, त्यांनी येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात नाव नोंदवावे. आमच्या आठवणीत राहून गेलेली नावे बरीच असतील, विशेषतः आयाबहिणींची. घरी विचारा, जुने फोटो काढून पाहा. कोणाच्या हातावर लाल पुरळ आले होते, ते त्यांना नक्की आठवत असेल.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!